प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, बैठकीत मात्र गप्प बसले. मध्यस्थी म्हणजे नक्की काय?

ओंजळ :
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय मध्यस्थीच्या प्रार्थनेचा, म्हणजे दुसऱ्यासाठी देवाकडे मागण्याचा आहे, पण सुरुवात कामाच्या ठिकाणच्या एका प्रसंगापासून करावी लागेल.

माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या माथी हिशेबातली एक मोठी चूक मारली गेली. चूक तिची नव्हती. आकडे बदलायची सूचना वरून आली होती आणि ती मेल ज्या चौघांना गेली त्यात मी होते. चौकशी सुरू झाली त्या दिवसापासून मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करत होते. माझी एक वही आहे. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं त्यात तारखेसकट लिहिते. सलग १९ दिवस तिचं नाव आहे त्यात.

मग बैठक झाली. आम्ही ११ जण होतो. तिला विचारलं गेलं, ती सांगू लागली, मध्येच अडखळली, आणि तिनं टेबलाभोवती एकदा नजर फिरवली. मी समोरच्या कागदाकडे बघत राहिले. त्या कागदाच्या कोपऱ्यात पिन वाकडी बसली होती, ती मला अजून दिसते. कोणीच काही बोललं नाही. मीही नाही.

रात्री वही उघडली. तारीख लिहिली आणि नाव लिहायला हात धजेना. त्या दिवशी वाचनाला नेमका बायबलमधल्या निर्गमचा ३२ वा अध्याय होता. लोकांनी सोन्याचं वासरू केलंय, परमेश्वर मोशेला म्हणतोय की मला आड येऊ नकोस, आणि मोशे आडवा येतो. शेवटी तर म्हणतो, यांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव पुसून टाक. मी माझ्या वहीत तिचं नाव लिहीत होते, त्यानं स्वतःचं नाव खोडायला दिलं.

तर मला विचारायचंय ते हे. देवापुढे एखाद्यासाठी उभं राहायचं आणि माणसांपुढे राहायचं नाही, याला मध्यस्थी म्हणता येतं का? १९ दिवस मी काय केलं? धीर देणारे शब्द नकोत, शास्त्रातून काही दिसत असेल तर ते सांगा.

मोहरीदाणा :
ताई, धीर नको म्हणालात तरी एक सांगते. ते १९ दिवस वाया गेले असं धरून चालू नका. प्रार्थना केली नसती तर रात्री हात थबकलाच नसता. हे टोचणं त्यातूनच आलंय असं मला वाटतं.

वाचनखूण :
ओंजळताई, प्रश्न फार मोलाचा आहे. मी शब्दांच्या वाटेनं येतो, ती वाट मला जवळची आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

जुन्या करारात मध्यस्थीसाठी जो हिब्रू शब्द येतो तो ‘पागा’. त्याचा मूळ अर्थ गाठणं, जाऊन भिडणं. सुरुवातीला तर तो प्रार्थनेचा शब्दच नाही. सारा वारल्यावर अब्राहामाला पुरायला जागा हवी असते, तेव्हा तो हित्ती लोकांना म्हणतो की एफ्रोनाकडे माझ्यासाठी शब्द टाका. तिथे हाच शब्द आहे (उत्पत्ती २३). म्हणजे माणसाकडे माणसासाठी शब्द टाकणं. आपल्या बोलण्यात ‘जरा शब्द टाकता का’ असं म्हणतो अगदी तसं. आणि हाच शब्द लढाईत तुटून पडण्यासाठीही वापरलेला आहे.

आता यशयाचा ५३ वा अध्याय काढा. १२ व्या वचनात प्रभूच्या सेवकानं अपराध्यांसाठी मध्यस्थी केली असं आहे. तिथे ‘पागा’. पण सहाव्या वचनातही तोच धातू, त्याच रूपात आहे: आपल्या सगळ्यांचा अधर्म परमेश्वरानं त्याच्यावर लादला, त्याला भिडवला. भाषांतरात दोन वेगळे शब्द येतात म्हणून हे डोळ्यांआड होतं. ज्याच्यावर येऊन आदळलं तोच मध्ये उभा राहून बोलला. मध्यस्थी आणि अंगावर घेणं यांना संदेष्ट्यानं एकाच धातूत गुंफलंय.

ग्रीकमध्येही अशीच गंमत नव्हे, गांभीर्य आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो (२६-२७), आणि ख्रिस्त देवाच्या उजवीकडे बसून आपल्यासाठी विनंती करतो (३४). जो शब्द तिथे ‘साठी’बरोबर येतो, तोच ११ व्या अध्यायात ‘विरुद्ध’बरोबर येतो: एलीया देवाजवळ इस्राएलाविरुद्ध गाऱ्हाणं नेतो. देवापुढे माणसाचं नाव दोन्ही तऱ्हांनी नेता येतं. ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्यासाठी प्रार्थना करताना मी हे पुष्कळदा स्वतःला विचारतो, की मी विनंती घेऊन आलोय की तक्रार?

आणि मग आपला मराठी शब्द: कैवारी. मूळ ग्रीक ‘पाराक्लेतोस’, हाकेसरशी बाजूला येऊन उभा राहणारा. नव्या करारात पाच वेळा येतो. चार वेळा योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी, आणि एकदा योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१) प्रभू येशूसाठी. भाषांतरकारांनी तिथे वकील घातलं नाही, कैवारी घातलं, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे. वकील फी घेऊन उभा राहतो, त्यात वाईट काही नाही. पण कैवार घेणारा आपल्या पदरचं काहीतरी घालवायला तयार असतो.

एकतारा :
काका, लेख उत्तम. पण एक काळजी वाटते म्हणून लिहितो. १ तीमथ्य २:५ स्पष्ट सांगतं की देव आणि माणसं यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे, ख्रिस्त येशू. आपण मोशेशी आपली तुलना करू लागलो तर ती जागा आपण घेतोय की काय? ताईंच्या प्रश्नातही मला तेच ओझं दिसतं. जणू त्या मैत्रिणीला वाचवणं त्यांच्यावर होतं. ते कधीच नव्हतं.

दीपमाळ :
एकतारा, तेच वचन चार वचनं मागून वाचा. २:१ मध्ये पौल सगळ्या माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती करायला सांगतो, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी सुद्धा. मध्यस्थ एक आहे, आणि त्या एकाच्या मध्यस्थीत सगळ्यांना ओढून घेतलेलं आहे. मला त्यात विरोध दिसत नाही.

मी कॅथलिक आहे, तेव्हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. संतांना आम्ही ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं म्हणतो. तुम्ही तुमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या आजींना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणता, तसं. मरणानं त्या आजी ख्रिस्तापासून तुटत नाहीत हा आमचा विश्वास आहे. आमच्या मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५६३ मध्ये हे शिकवलं तेव्हा त्याच वाक्यात ख्रिस्त हाच एकटा तारणारा असंही म्हटलेलं आहे. काना गावच्या लग्नात येशूच्या आईनं, मरियेनं काय केलं? उपाय सुचवला नाही, आग्रह धरला नाही. त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही, एवढंच येशूच्या कानावर घातलं. मला अजून प्रार्थना जमत नाही तेव्हा मी तेवढंच करते. अमुककडे अमुक नाही. बस.

एकतारा :
दीपमाळ, आदर ठेवूनच असहमत. ल्यूथरपंथीयांच्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबातला २१ वा लेख (१५३०) माझी भूमिका मांडतो. संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवावा, पण त्यांचा धावा करायला शास्त्र शिकवत नाही. हेही मान्य करतो की त्या कबुलीजबाबाच्या समर्थनात पुढच्याच वर्षी असं लिहिलंय की स्वर्गातले संत सबंध मंडळीसाठी प्रार्थना करतात हे आम्ही नाकारत नाही. वाद आहे तो त्यांना हाक मारण्याचा. आजींना मी हाक मारतो तेव्हा त्या मला ऐकतात हे मला ठाऊक असतं, फरक तिथे आहे. पण हा वाद इथे वाढवला तर ओंजळताईंचा प्रश्न बाजूला पडेल. २:१ बद्दलचं तुमचं म्हणणं मात्र पटलं. ‘सगळ्या माणसांसाठी’ हे शब्द मी घाईत ओलांडून जातो.

दीपमाळ :
मान्य, इथेच थांबू. शुभ शुक्रवारच्या आमच्या उपासनेत एकामागून एक दहा मध्यस्थी-प्रार्थना असतात. मंडळीसाठी, यहुदी लोकांसाठी, ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी, देवालाच न मानणाऱ्यांसाठी, सत्तेवर असलेल्यांसाठी, संकटात असलेल्यांसाठी. प्रत्येक वेळी कोणासाठी ते सांगतात आणि मग शांतता. त्या शांततेत मला दरवर्षी कळतं की मी वर्षभर किती थोड्या माणसांचं नाव घेतलं.

पानगळ :
मी इथे बहुतेक एकटाच असेन ज्याला हा विषय नकोसा वाटतो. तरी वाचत राहिलो, म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही सव्वा वर्ष प्रार्थना केली. मंडळीनं केली, ओळखीच्या-अनोळखी माणसांनी केली, साखळी लावून रात्री जागवल्या. तो गेला. देव सर्वज्ञ आहे, तर त्याला सांगायचं काय? तो दयाळू आहे, तर त्याची मनधरणी कशाला? आणि शंभर माणसांनी विनवणी केल्यावर ऐकतो, एकट्याचं ऐकत नाही, असं असेल तर ज्याच्यासाठी प्रार्थना करायला कोणीच नाही त्याचं काय? मला भांडायचं नाही. मला खरंच कळत नाही.

वाचनखूण :
पानगळ, तुमचं वाचून दिवसभर काही लिहिलं नाही. भाऊ का गेला याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि असल्याचा आव आणणार नाही. मनधरणीच्या प्रश्नावर मात्र जे दिसतं ते ठेवतो.

सदोम शहराचा नाश होऊ नये म्हणून अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, इतके नीतिमान सापडले तर वाचव म्हणतो: ५०, ४५, ४०, ३०, २०, १०. वाचताना वाटतं की देव कठोर आणि अब्राहाम दयाळू. पण त्याआधीचं १७ वं वचन बघा (उत्पत्ती १८). परमेश्वर स्वतःशीच म्हणतो, मी जे करणार ते अब्राहामापासून लपवून ठेवू काय? विषय देवानं काढलाय. सांगितलंच नसतं तर अब्राहाम बोललाच नसता. यहेज्केलात (२२:३०) तर परमेश्वर म्हणतो, देशाचा नाश मी करू नये म्हणून तटाच्या खिंडारात माझ्यापुढे उभा राहील असा माणूस मी शोधला, पण मला कोणी मिळाला नाही. आडवा येणारा माणूस त्यालाच हवा आहे. यिर्मयाला ‘या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस’ असं सांगतो, तेही एकदा नाही, तीनदा (७, ११ आणि १४ व्या अध्यायात). तिसऱ्यांदा सांगितल्यावरही त्याच अध्यायाच्या शेवटी यिर्मया लोकांसाठी याचना करतोच आहे. त्याला ती सोडवत नाही.

आणि सदोम वाचलं नाही. अब्राहाम सकाळी उठून बघतो तर भट्टीच्या धुरासारखा धूर. पण १९:२९ मध्ये एक ओळ आहे: देवानं अब्राहामाची आठवण केली आणि त्याच्या पुतण्याला, लोटाला, त्या नाशातून बाहेर काढलं. अब्राहामानं सगळ्या बोलण्यात लोटाचं नाव एकदाही घेतलेलं नव्हतं. मागितलं ते मिळालं नाही, न मागितलेलं ऐकलं गेलं. धुराकडे बघत उभ्या असलेल्या अब्राहामाला हे ठाऊक होतं का, हे शास्त्र सांगत नाही. मी त्या ओळीपाशी नेहमी थांबतो.

ज्याच्यासाठी कोणीच नाही, त्याच्याबद्दल मात्र मी ठामपणे बोलतो. इब्री ७:२५ मध्ये ‘सर्वदा’ असा शब्द आहे. ख्रिस्त मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे. आपली साखळी तुटते, आपण झोपी जातो. ज्याच्यासाठी जगात एकही ओठ हलत नाही त्याच्यासाठीसुद्धा कोणीतरी बोलतंय, हे त्यात आहे. माणसांची संख्या वाढली की देव ऐकतो असं मी मानत नाही.

दीपमाळ :
पानगळ, संत ऑगस्टिनची आई मोनिका आठवते. मुलगा समुद्रापार रोमला जाऊ नये म्हणून तिनं किनाऱ्यावर रात्रभर रडून प्रार्थना केली. तो तिला चकवून त्याच रात्री निघून गेला. पुढे त्याच वाटेनं तो मिलानला पोचला आणि ३८७ मध्ये तिथल्या बिशप अँब्रोझच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी ती वारली. ऑगस्टिननं स्वतः लिहून ठेवलंय की देवानं त्या रात्री तिचं मागणं नाकारलं ते तिला जे कायमचं हवं होतं ते देण्यासाठी. तुमच्या भावाला हे लागू होत नाही, मला कळतं. मोनिकाला तिच्या हयातीत बघायला मिळालं, तुम्हाला नाही. मी फक्त ती किनाऱ्यावरची सकाळ तुमच्यासमोर ठेवतेय, जहाज नसलेली. तुम्ही तिथे एकटे नाही.

पानगळ :
जहाज नसलेली सकाळ. हो. तशीच होती.

कवडसा :
मी दुसऱ्या बाजूनं बोलते, जिच्यासाठी प्रार्थना केली गेली तिच्या बाजूनं.

दोन वर्षांपूर्वी मला आजार झाला. मी एकीला विश्वासानं सांगितलं, माझ्यासाठी प्रार्थना कर. तिनं तो प्रार्थनेचा विषय म्हणून गटावर टाकला. कोणता अवयव, कोणती शस्त्रक्रिया, नवऱ्याशी काय बोलणं झालं, सगळं. आठवडाभरात ज्यांना मी नावानं ओळखत नाही ते लोक मला हात जोडून विचारत होते. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण माझी गोष्ट माझी राहिली नाही. प्रार्थनेच्या नावाखाली चहाडी होते, हे आपण मंडळीत मोकळेपणानं बोलायला हवं.

त्याच काळात दुसरी एक बाई यायची. ती काही विचारायची नाही. माझी कपड्यांची टोपली उचलून न्यायची, धुऊन घडी घालून आणायची, आणि जाताना दारात उभी राहून एक वाक्य म्हणायची, ‘प्रभू, हिला आज झोप लागू दे.’ तेवढंच. मला झोपेचीच अडचण आहे हे तिला डोळ्यांवरून कळलं असावं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातले ते चौघं, ज्यांनी छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाची बाज खाली सोडली, त्यांच्या तोंडी एकही शब्द नाही. ‘येशूनं त्यांचा विश्वास पाहून’ असं तिथे म्हटलंय. पाहून. दिसण्यासारखं होतं ते.

मोहरीदाणा :
कवडसा, फार मोलाचं लिहिलंत. आमच्या गटात आजपासून नियम करतेय: ज्याचा विषय त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, आणि आजाराचा तपशील तर नाहीच. देवाला तपशील ठाऊक आहे.

वाचनखूण :
आता ओंजळताईंच्या मूळ प्रश्नाकडे. मला वाटतं त्याचं सगळ्यात जवळचं उत्तर पौलाच्या सगळ्यात लहान पत्रात आहे. फिलेमोनास पत्र, अवघी २५ वचनं. अनेसिम नावाचा दास मालकापासून दुरावलाय, बंदिवासातल्या पौलाला भेटलाय, विश्वासात आलाय. पौल त्याला परत पाठवतो तेव्हा बरोबर पत्र देतो. चौथ्या वचनात प्रार्थना आहे, मी आपल्या प्रार्थनांमध्ये तुझी आठवण करतो म्हणून. पण पौल तेवढ्यावर सोडत नाही. तो शब्द टाकतो, नातं जोडून देतो, त्याला माझ्यासारखाच समजून जवळ कर म्हणतो. आणि १८ व्या वचनात जामीन राहतो: त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड. पुढच्या वचनात लेखनिकाच्या हातून नव्हे, स्वतःच्या हातानं लिहितो, मी पौल हे फेडीन.

जामीन हा शब्द धरून ठेवा. इब्री ७:२५ ची मध्यस्थी आपण पाठ म्हणतो, पण त्याच्या तीनच वचनं आधी, २२ मध्ये, येशू चांगल्या कराराचा जामीन झाला असं आहे. आधी जामीन, मग मध्यस्थ. आणि मागे जा, उत्पत्तीत. बन्यामिनासाठी यहूदा बापापुढे जामीन राहतो (४३), आणि मिसरात वेळ येते तेव्हा म्हणतो, या मुलाच्या ऐवजी मला दास करून ठेवा (४४). हा तोच यहूदा, ज्यानं योसेफाला विकायची कल्पना काढली होती. एका भावाच्या वेळी चुकलेला माणूस दुसऱ्या भावाच्या वेळी उभा राहतो. ताई, हे मी मुद्दाम लिहितोय.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ती प्रार्थना खरी होती, पण अपुरी राहिली. चौथं वचन झालं, अठरावं राहिलं.

एकतारा :
काकांच्या शेवटच्या ओळीवर दिवसभर विचार केला. मी आधी लिहिलं होतं की वाचवणं ताईंवर नव्हतं. ते अजूनही म्हणतो. पण साक्ष देणं होतं. ती मेल त्यांनी पाहिली होती. नीतिसूत्रे ३१:८ मध्ये, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आपलं तोंड उघड असं लेकराला शिकवणारी आई आहे. तिथे ‘प्रार्थना कर’ नाही, ‘तोंड उघड’ आहे.

जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरावियन मंडळीचा दाखला देतो. १७२७ मध्ये २४ पुरुष आणि २४ बायकांनी तास वाटून घेतले आणि दिवसरात्र मध्यस्थी सुरू केली. ती शंभराहून जास्त वर्षं चालली. हे आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. पण पाचच वर्षांनी, १७३२ मध्ये, त्यांच्यातलेच दोघं कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर, गुलामीत पिचलेल्या लोकांमध्ये जायला निघाले, ते सांगायचं राहून जातं. ज्यांच्यासाठी मागत होते त्यांच्याकडे जावंसं वाटलं.

रानवाट :
मी दुर्बलांच्या बाजूनं खटले चालवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, त्या अनुभवातून एकच सांगतो, आणि कृपा करून हे हलक्यानं घेऊ नका. ताई, आता तुम्हाला बोलावंसं वाटणार. लगेच बोलू नका. आधी तिला विचारा.

आपल्या टोचणीवर उतारा म्हणून दुसऱ्याचा कैवार घेतला की त्या माणसाचं जास्त नुकसान होतं. मी पाहिलंय. एखादा भल्या मनानं चारचौघांत उभा राहतो, मन हलकं करून घेतो, आणि जिच्यासाठी बोलला तिला दुसऱ्या दिवसापासून त्याची किंमत मोजावी लागते. आंधळा बार्तीमय ‘माझ्यावर दया करा’ म्हणून ओरडतोय, त्याला काय हवंय हे आंधळ्यालाही दिसेल. तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क १०:५१)

गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्यात ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यानं १७८७ ला काम हाती घेतलं, व्यापार बंदीचा कायदा १८०७ ला झाला, आणि गुलामी रद्द करणारं विधेयक मंजूर होणार हे कळल्यावर तीन दिवसांनी, २९ जुलै १८३३ ला, तो वारला. ४६ वर्षं. पण १७८९ मध्ये ओलाउदा इक्वियानो यानं, जो स्वतः गुलामीतून सुटला होता, आपली कहाणी आपल्या नावानं छापली. बोलता येत नाही असं आपण ज्यांच्याबद्दल समजतो त्यांना पुष्कळदा बोलता येत असतं, त्यांच्यासाठी खोलीत जागा नसते. जागा करून देणं हासुद्धा कैवारच आहे.

ओंजळ :
चार दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं सगळं वाचलं, काहींचं दोनतीनदा.

रानवाटदादा, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले असते. त्याऐवजी तिच्याकडे गेले. मेलचं सांगितलं, माझ्याकडे ती जपून ठेवलेली आहे म्हणाले, आणि क्षमा मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तू बोलली नाहीस त्याचं मला तितकं वाटलं नाही. घाबरतात माणसं. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस.’

मी प्रार्थना करत होते हे तिला सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं. पण त्या वेळी ते सांगणं म्हणजे स्वतःची बाजू मांडल्यासारखं झालं असतं.

मग विचारलं, तुला काय हवंय? मला वाटलं होतं ती म्हणेल की सगळ्यांसमोर सांग. तिला ते नकोय. तिला लेखी दुरुस्ती हवीय, तिच्या नोंदीत. कारण पुढे कुठे अर्ज केला तर तेच कागद बघितले जातील. बैठकीत कोण काय म्हणालं ते लोक विसरतील, कागद राहतो, असं ती म्हणाली. हे मला सुचलंच नसतं.

आम्ही दोघींनी बसून पत्र लिहिलं. मजकूर तिचा, शेवटी साक्षीदार म्हणून माझं नाव आणि सही. सही करताना १८ वं वचन आठवत होतं, आणि हेही सांगते की भीती गेलेली नाही. माझी बढती याच महिन्यात ठरायची आहे, ते पत्र त्याच टेबलावर जाणार. घरी सांगितलं, घरच्यांनी हो म्हटलंय.

काका, तुम्ही यहूदाचं मुद्दाम लिहिलंत ते पोचलं. पानगळ, मी वहीत तुमच्या भावासाठी नाही, तुमच्यासाठी एक ओळ केलीय. चालेल का, हे आधी विचारतेय. नाव ठाऊक नाही म्हणून ‘पानगळ’ एवढंच लिहिलंय. नको असेल तर खोडेन.

पत्र परवा सकाळी साडेदहाला द्यायचं आहे. ती जाणार आहे, मी बरोबर आत जाणार आहे. बोलणार ती. मला विचारलं तर जे पाहिलं ते सांगणार.

रानवाट :
मेलची एक प्रत ऑफिसच्या बाहेर ठेवा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि सही सकट. ‘नंतर देतो’ म्हणाले तर तिथेच थांबा. आणि आत गेल्यावर तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसा, समोरच्या नको.

कवडसा :
परवा साडेदहा. मी त्या वेळी प्रार्थनेत असेन. तपशील कोणाला सांगणार नाही.

पानगळ :
ओंजळताई, खोडू नका. 

मी बऱ्याच महिन्यांत कोणासाठी काही मागितलेलं नाही. परवा प्रयत्न करतो. तुमच्या मैत्रिणीचं नाव सांगू नका, लागणार नाही. दीपमाळ म्हणाल्या तेवढंच म्हणेन: तिच्याकडे अमुक नाही.